धुऱ्यापार गेला की आऊट

मला चौकशा करायची खोड आहे. आई म्हणायची, नूतन कुणाच्या मयताला गेली तरी तिथल्या सरपणाचा भाव विचारून येईल. त्या खोडीमुळे माझ्या दोन नोकऱ्या गेल्या आणि तिसरी लागली. दुर्गाप्रसादशेठ राइस मिलवाल्यांनी वीस षटकांच्या लीगमध्ये टीम घेतली तेव्हा मी त्यांना इतके प्रश्न विचारले, की कंटाळून ते म्हणाले, तूच मॅनेजर हो आणि काय ते शोधून काढ.

टीमचं नाव वैनगंगा ब्लास्टर्स. पुरुषांची एक टीम, बायकांची एक. जर्सी एक, बस एक, बर्फाची पेटीही एकच. बायकांच्या टीमची मॅनेजर मी. पहिल्या महिन्यात माझं काम एवढंच होतं, की पुरुषांची प्रॅक्टिस संपल्यावर पेटीत बर्फ शिल्लक ठेवायचा. तो कधीच शिल्लक नसे. मग मी भांडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नसे. जर्स्या आल्या त्याही सगळ्या पुरुषांच्या मापाच्या. आमची विकेटकीपर तिच्या जर्सीत दोनदा मावली असती. त्यावरूनही मी भांडले, आणि ते भांडण मात्र जिंकले.

जानेवारीत गोंदियाला कॅम्प लागला. त्यात आमगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून उर्वशी पटले नावाची मुलगी आली. एकोणीस वर्षांची, खांदे रुंद, बोलणं कमी. तिची बॅटिंग मी पहिल्यांदा पाहिली आणि कॅनवासच्या खुर्चीतून उठून नेटजवळ जाऊन उभी राहिले. चेंडू कुठलाही येवो, ती तो जमिनीवरून अशा जागी घालवायची की क्षेत्ररक्षक नुसता बघत राहायचा. आमच्या मुली कंटाळल्या, मग पुरुषांच्या टीममधल्या पोरांनी गोलंदाजी केली. ती पोरंही कंटाळली. हिला आऊट करणं कुणाला जमेना.

पण एक गंमत होती. ती चेंडू कधीच उचलून मारायची नाही. आखूड चेंडू असो, फुलटॉस असो, जमिनीला धरूनच. अंगात ताकद नव्हती म्हणावं, तर पाण्याचा भरलेला ड्रम ती एकटी हलवायची.

आमचे कोच लीलाधर सर नागपूरचे. त्यांच्या काळात चांगले खेळलेले, पण आता रक्तदाबाच्या गोळ्या खात सामने बघणारे. त्यांना हे बघवेना. "वीस ओव्हरचं क्रिकेट आहे नूतन," ते मला म्हणायचे, "अन् ही पोरगी रस्ता झाडल्यासारखी खेळते. शेवटच्या ओव्हरला वीस लागले तर काय करेल?"

मग एके दिवशी सरावाच्या सामन्यात एक चेंडू तिच्या अंदाजापेक्षा जास्त उसळला. बॅटची वरची कड लागली आणि चेंडू विकेटकीपरच्या डोक्यावरून थेट सीमेपार गेला. षटकार. आम्ही टाळ्या वाजवल्या. उर्वशीने मात्र बॅट काखेत मारली, हातमोजे काढले आणि मान खाली घालून चालू लागली. पार तंबूपर्यंत आली.

अंपायर हाका मारून थकला. सगळ्या मुली हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. मी विचारलं, काय गं, कुठे निघालीस? ती गोंधळून म्हणाली, "आऊट झालो ना. आमच्या तठी आऊट राहते." आणि मग तिला उमगलं आणि तिचा चेहरा लाल झाला. परत जाऊन ती पुढचे सगळे चेंडू जमिनीवरून खेळली.

लीलाधर सर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की येत्या शनिवारी शेठजींसमोर शेवटचा सामना होईल आणि त्यानंतर पंधरा नावं पक्की होतील. चौदा त्यांच्या मनात ठरली होती. पंधराव्या जागेसाठी उर्वशी होती आणि भंडाऱ्याची एक धिप्पाड मुलगी होती, जी दहातले सात चेंडू चुकवायची पण उरलेले तीन मैदानाबाहेर घालवायची. सरांनी सांगितलं की उर्वशीने शनिवारी हात उघडला तर ती आत, नाहीतर भंडाऱ्याची.

मी उर्वशीला हे जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, प्रयत्न करतो. पण तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, ही प्रयत्न करणार नाही. आता एखादी मुलगी, जिला या टीममध्ये यायचंच आहे, जी पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर असते, ती एवढी साधी गोष्ट का करत नसेल? मी तिला आडून विचारलं, थेट विचारलं, जेवताना विचारलं. सवय आहे, एवढंच उत्तर. 

रविवारी कॅम्पला सुट्टी होती. उर्वशी घरी निघाली तेव्हा मी म्हटलं, चल, मी सोडते. तिला ते फारसं आवडलं नसावं, पण मॅनेजरला नाही कसं म्हणणार? माझ्या स्कूटरवर आम्ही आमगावच्या रस्त्याला लागलो. धान केव्हाच कापून झालं होतं. कापणीआधी उभ्या धानात फेकलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, आता शेतांमध्ये वर आली होती आणि तिला निळी फुलं लागली होती.

गावाबाहेरच्या एका बांधीत पोरं खेळत होती. बांधी म्हणजे धानाचा चौकोनी तुकडा, भोवती गुडघ्याएवढा मातीचा धुरा. त्या बांधीत पोरांनी धसकटं उपटून, पाणी मारून, रोलरऐवजी तेलाचं पिंप फिरवून खेळपट्टी केली होती. मुलं होती, तीनचार मुलीही होत्या. उर्वशीची चुलत बहीण ओमेश्वरी, असेल सातवीतली, पॅड नसलेल्या पायांनी बॅटिंग करत होती. तिने चेंडू ढकलला, तो घरंगळत गेला आणि धुऱ्याला टेकून थांबला. चौकार, असं सगळे म्हणाले. मग एका मोठ्या मुलाची पाळी आली. त्याने उचलून मारला, चेंडू धुऱ्यापलीकडे पडला आणि तो निमूट बॅट टाकून निघाला.

टिकेश नावाचा मुलगा गोलंदाजी करत होता. त्याला मी विचारलं, हा नियम का? तो म्हणाला, पलीकडे लाखोरी आहे ना, तुडवली जाते. मला पटलं. पण खोड असते ती असते. मी धुऱ्यावर चढून पाहिलं. पूर्वेला लाखोरी होती, खरं. उत्तरेला होती. पश्चिमेला आणि दक्षिणेला मात्र नुसती पडीक धसकटं, चिमणीसुद्धा टिपायला येणार नाही अशी. मी विचारलं, मग तिकडे गेला तर आऊट का?

टिकेश दात काढून हसला. "नेम आहे मॅडम. आजाले पुसा. बांधी त्याची हाये."

आजा म्हणजे उर्वशीचे आजोबा, मुन्नालाल पटले. गळ्याला मफलर, अंगात मुलाचं जुनं स्वेटर, आणि प्रश्न विचारण्यात माझ्याही वरचढ. मी काही विचारायच्या आतच त्यांनी मला धारेवर धरलं. मुलींना मुलांसारखीच बस असते का? टीव्हीवर मुलींचे सामने खरंच दाखवतात, की नुसतं सांगतात? शेठला राइस मिल सोडून हे का सुचलं? बर्फाचं भांडण मी सांगितलं तेव्हा ते मनापासून खूश झाले. उर्वशीची आजी रामकलीबाई यांनी मला भात आणि लाखोरीची भाजी वाढली आणि नवऱ्याला बजावलं की बाईला आधी दोन घास खाऊ दे.

जेवल्यावर मी त्यांना बाहेर अंगणात गाठलं. उर्वशी बांधीत खेळायला गेली होती. मी म्हटलं, आजोबा, तुमच्या नियमामागे लाखोरी नाही. दोन बाजूंना तर काही पेरलेलंच नाही.

त्यांनी आधी बांधीकडे बघून घेतलं. मग खाटेवर बसले आणि मला सगळं सांगितलं. उर्वशी लहान असताना पोरं तिला खेळायला घेत, पण फक्त चेंडू आणायला. मोठी पोरं उंच मारत, चेंडू दूर कुठल्यातरी बांधीत पडे, आणि ही धावे. तिला वाटे आपली बॅटिंग येईल. संध्याकाळ होई, पोरं घरी जात, बॅटिंग काही येत नसे. एक दिवस धसकट तळपायात घुसलं, तशीच लंगडत चेंडू आणत राहिली. ते मुन्नालालजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पोरांना झापलं असतं तर त्यांनी तिला खेळातूनच काढलं असतं. म्हणून ते दुसऱ्या दिवशी बांधीत गेले आणि म्हणाले, जागा माझी आहे, लाखोरीची नासाडी होते, आजपासून धुऱ्यापार गेला की आऊट. नाहीतर खेळ दुसरीकडे. सपाट जागा दुसरी नव्हती. पोरं जमिनीवरून खेळायला लागली. चेंडू बांधीतच राहू लागला, तो आणायला कुणी लागेना, आणि उर्वशीच्या हातात बॅट आली.

"तिले वाटते, आपण चांगले खेळतो म्हून पोट्ट्यांनी घेतलं," ते म्हणाले. "ते तसंच राहू द्या बाई. तिले नोको सांगजा."

 पण आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी शनिवारच्या सामन्याचं सांगितलं. पंधराव्या जागेचं सांगितलं. ज्या नियमाने तिच्या हातात बॅट दिली, तोच नियम आता तिला बाहेर ठेवतो आहे, हेही सांगितलं. सांगताना मला स्वतःचाच राग आला. सुखाने भाजी खाऊन निघून गेले असते तर काय बिघडलं असतं?

मुन्नालालजी उठले, चपला घातल्या आणि बांधीकडे निघाले. मी मागोमाग.

त्यांनी खेळ थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आजपासून धुऱ्यापार गेला तर सिक्स. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. उर्वशी बॅट घेऊन उभी होती, तिने एकदा माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघितलं.

टिकेशने विचारलं, "मंग बॉल कोण आणन?"

"मी आणन," मुन्नालालजी म्हणाले.

आणि ते खरोखर धुरा ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिले. टिकेशने चेंडू टाकला. उर्वशीने तो जमिनीवरून धुऱ्याला लावला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. म्हातारा पलीकडे कमरेवर हात ठेवून उभाच. शेवटी ते ओरडले, "मी का अठी हवा खायले उभा आहो?" पोरं हसली. पुढचा चेंडू उर्वशीने उचलला. तो इतका वर गेला की मला हसू फुटलं. एवढा दम होता अंगात आणि कुठे लपवून ठेवला होता? मुन्नालालजी लाखोरीत शिरले, वाकून वाकून शोधत राहिले, आणि चेंडू सापडल्यावर दोन्ही हातांनी परत फेकला. मग दुसरा. मग तिसरा. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं.

एक गोष्ट मात्र मला कळेना. एवढे षटकार मारूनही उर्वशीचा चेहरा उतरलेलाच होता. चेंडू वर गेला की ती आजाकडे बघायची आणि मग ओमेश्वरीकडे. परत येताना, मला कॅम्पवर सोडा म्हणून ती मागे बसली, पण वाटेत चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, हिला कुणीतरी खरं सांगितलं असणार आणि हिचा मानभंग झाला असणार. आठवडाभर मी त्या विचाराने कुढत राहिले. नेटमध्ये ती पुन्हा जमिनीवरूनच खेळू लागली होती. लीलाधर सरांनी तर तिच्याकडे बघणंच सोडून दिलं.

शनिवारी सकाळी मुन्नालालजी आमगावहून गाडीने आले. मैदानावर खुर्च्या शेठजींसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी होत्या. मी त्यांना माझी खुर्ची दिली, तर त्यांनी ती नीट घडी करून भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

उर्वशी बॅटिंगला आली तेव्हा शेवटची काही षटकं उरली होती आणि धावा भरपूर लागत होत्या. सरांनी मुद्दाम तिला तेव्हा पाठवलं. पहिले चेंडू तिने नेहमीसारखे खेळले, एक धाव, दोन धावा. शेठजींनी जांभई दिली. सरांनी हातातली टोपी डोक्यावर घातली, म्हणजे त्यांचं ठरलं. 

तेवढ्यात तिने पायरीकडे पाहिलं. मुन्नालालजींनी काहीच इशारा केला नाही. नुसते बसल्या जागेवरून उठले आणि सीमेच्या दोरीपलीकडे जाऊन उभे राहिले, बांधीत उभे राहिले होते तसे, कमरेवर हात ठेवून. मैदानावर चेंडू आणायला माणसं ठेवलेली होती. त्यांच्यातला एकजण काका बाजूला व्हा म्हणत होता, ते ऐकायला तयार नव्हते.

पुढचा चेंडू उर्वशीने त्यांच्या डोक्यावरून घालवला. म्हातारा वळून धावला, नेमलेल्या माणसाच्या आधी पोचला आणि चेंडू आत फेकला. त्यानंतरचाही तिकडेच. शेठजी खुर्चीत पुढे सरकले. तिसरा तिने तसाच उचलला, पण जरा उंच गेला, आणि दोरीच्या अगदी आत भंडाऱ्याच्या त्या धिप्पाड मुलीने झेलला. आऊट.

 एकटे मुन्नालालजी टाळ्या वाजवत होते. स्वतःची नात झेलबाद झाली आणि हा माणूस टाळ्या वाजवतोय, म्हणून शेठजींचे पाहुणे वळून बघायला लागले. लीलाधर सरांनी मला विचारलं, हा कोण? मी सांगितलं.  "कॅम्पात पहिल्यांदा कॅच आऊट झाली," सर म्हणाले. "आता जमेल. हिचं नाव घे. झेल घेणारीला राखीव ठेव."

मी उडी मारायचीच बाकी होते. बातमी सांगायला पायरीकडे धावले, तर उर्वशी पॅडसकट आजाजवळ जाऊन बसली होती. तिला वाटलं होतं, आऊट झालो म्हणजे गेलो. मी सांगितलं, तुझी निवड झाली. तिने मान हलवली. मग आजाला म्हणाली, "आजा, तो नेम तू मायासाठी केला होता, हे मले मालूम होतं."

मुन्नालालजींनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी दोन्ही हात वर केले.

"बाईनं नाही सांगतलं," उर्वशी म्हणाली. "पोट्ट्यांनी पहिल्याच हप्त्यात सांगतलं होतं. चिडवत होते."

"मंग इतके दिवस काऊन नाही मारला तू?"

"मी मारला असता तं पोट्टे म्हणते, आता हिले नेमाची गरज नाही. नेमच गेला असता. मंग ओमेश्वरी दिवसभर बॉल आणत राहिली असती, मायासारखी. म्हून हातच उठत नोहता. अठीबी उठत नोहता."

मी आठवडाभर मानभंग मानभंग म्हणून कुढत होते आणि त्या पोरीच्या मनात हे होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.  मुन्नालालजींनी हात पुढे करून तिच्या पॅडचा सुटलेला पट्टा लावला, मग तो लावून उपयोग नाही हे लक्षात येऊन पुन्हा काढला.

शेठजींनी सगळ्यांसाठी जेवण ठेवलं होतं. मी आजोबांना म्हटलं, चला, तुमचं पान माझ्याशेजारी. त्यांनी उलट मला विचारलं, की आमगावकडे आता कोणती गाडी आहे.

मी म्हटलं, एवढी कसली घाई? नातीची निवड झाली, जेवून जा.

"आज शनिवार आहे बाई," ते मफलर गुंडाळत म्हणाले. "शाळा लवकर सुटते. पोट्टे जमले असतीन. ओमेश्वरी आहे तठी, अन् बॉल आणाले कोणी नाही."

आणि ते निघाले. उर्वशी त्यांना स्टेशनवर सोडायला गेली. तिच्या वाटणीची जिलेबी मी झाकून ठेवली.